विक्रमी पीक, तरीही महाग पोळी

अंबड (नाशिक), खास प्रतिनिधी

देशात गव्हाचे विक्रमी उत्पादन झाल्याची घोषणा अलीकडच्या काळात जवळजवळ दरवर्षी ऐकू आली. त्याच काळात पिठाचे भाव मात्र चढले, गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली, व्यापाऱ्यांनी किती माल ठेवावा यावर मर्यादा आली आणि रास्त भाव दुकानांत काही महिने गव्हाऐवजी तांदूळ मिळाला. पीक भरपूर असेल, तर एवढे निर्बंध कशासाठी, असा प्रश्न महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्या ग्राहकाला पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर शेतापेक्षा गोदामात अधिक सापडते. वर्षभरात गहू किती पिकला, हा आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु त्यातील किती गहू सरकारच्या हाती आला आणि नवे पीक येण्यापूर्वी, म्हणजे १ एप्रिलला, गोदामात किती शिल्लक राहिला, यावर बाजाराचा कल ठरतो. गेल्या पाच दशकांत देशाने गव्हाची टंचाई पाहिली, न मावणारे साठेही पाहिले. या दोन टोकांमधील हेलकावे समजून घेतले, की पोळीच्या किमतीचे गणित बऱ्याच अंशी उलगडते.

गहू येतो तीन वाटांनी

अंबड औद्योगिक वसाहत आणि तिच्या भोवतीची कामगार वस्ती हे या व्यवस्थेचे लहान स्वरूपातील चित्र आहे. मराठवाडा आणि खानदेशातून आलेली कुटुंबे, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगार आणि मूळचे नाशिककर असे सारेच येथे राहतात. त्यांच्या ताटातील गहू तीन वाटांनी येतो.

पहिली वाट शिधापत्रिकेची. पंजाब, हरियाणा किंवा मध्य प्रदेशात सरकारने विकत घेतलेला गहू रेल्वेने महाराष्ट्रात येतो. नाशिक जिल्ह्यात मनमाड येथे भारतीय अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. महामंडळाच्या गोदामातून तो राज्य शासनाच्या गोदामात आणि तेथून रास्त भाव दुकानात पोहोचतो.

दुसरी वाट किराणा दुकानाची. मध्य प्रदेश, गुजरात आणि राज्यातील बाजार समित्यांमधून व्यापाऱ्यांमार्फत येणारा हा गहू निवडून, पाखडून गिरणीत दळला जातो. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची प्रथा शहरात कमी झाली असली, तरी ती संपलेली नाही. तिसरी वाट कारखान्यांची. मोठ्या पीठगिरण्या गहू विकत घेऊन त्याचा आटा, मैदा आणि रवा करतात. पाव, बिस्किटे, खारी, टोस्ट आणि पाकीटबंद पीठ या वाटेने येते. कामाच्या पाळीत चहाबरोबर पाव खाणारा कामगारही या अर्थाने गव्हाच्या बाजारातील ग्राहकच असतो.

या तिन्ही वाटा वेगळ्या दिसल्या, तरी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. शिधापत्रिकेवरील गहू कमी झाला, की ते कुटुंब किराणा दुकानात जाते. तेथे मागणी वाढते आणि भाव चढतो. कारखान्यांना खुल्या बाजारात माल मिळेनासा झाला, की ते सरकारच्या गोदामाकडे पाहू लागतात. त्यामुळे एका वाटेवरील तुटवडा फार काळ तेवढ्यापुरता मर्यादित राहत नाही.

किराणा दुकानातील गव्हाची नावेही या प्रवासाची साक्ष देतात. महाराष्ट्रात सर्वाधिक ओळखीचा 'लोकवन' हे कोण्या गावाचे वा वनाचे नाव नाही. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील सणोसरा येथील लोकभारती या संस्थेने विकसित केलेले 'लोक-१' हे ते वाण होय. 'लोक वन' या उच्चाराचे बाजारात 'लोकवन' झाले. मध्य प्रदेशातील सिहोर परिसराचा शरबती गहू त्याहून महाग विकला जातो. खीर-लापशीसाठी खपली आणि रवा-शेवयांसाठी बन्सी गव्हाला आजही मागणी आहे.

पिकवणारी राज्ये आणि विकणारी राज्ये

भारत हा चीननंतर जगातील दुसऱ्या क्रमांकाचा गहू उत्पादक देश आहे. २०२४-२५ च्या हंगामात देशात ११ कोटी ७० लाख टनांहून अधिक गहू पिकल्याचा सरकारी अंदाज आहे. २००५-०६ मध्ये हा आकडा सुमारे ६ कोटी ९३ लाख टन होता. म्हणजे दोन दशकांत उत्पादनात जवळपास ७० टक्क्यांची वाढ झाली.

सर्वाधिक गहू उत्तर प्रदेशात पिकतो. त्यापाठोपाठ मध्य प्रदेश, पंजाब, हरियाणा आणि राजस्थान ही राज्ये येतात. मात्र जो सर्वाधिक पिकवतो, तोच सरकारला सर्वाधिक विकतो असे नाही. २०२५ च्या खरेदी हंगामात सरकारने देशभरातून सुमारे ३०० लाख टन गहू घेतला. त्यात पंजाबचा वाटा सुमारे १२० लाख टन, मध्य प्रदेशाचा ७८ लाख टनांच्या आसपास आणि हरियाणाचा ७० लाख टनांच्या वर होता. उत्तर प्रदेशातून जेमतेम १० लाख टन गहू सरकारकडे आला. तेथील गहू शेतकऱ्याच्या घरी, गावच्या गिरणीत आणि खासगी व्यापारात अधिक जातो.

याचा अर्थ असा, की देशाच्या स्वस्त धान्य व्यवस्थेचा बराचसा भार तीन राज्यांच्या मंडयांवर आहे. या राज्यांत मार्च महिन्यात उष्णतेची लाट आली किंवा कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, तर त्याचा परिणाम काही महिन्यांत हजार-दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या नाशिकच्या रास्त भाव दुकानात जाणवू शकतो.

सरकारी खरेदीचे सूत्र सोपे आहे. पेरणीपूर्वी केंद्र सरकार किमान आधारभूत किंमत, म्हणजे हमीभाव, जाहीर करते. शेतकरी आणील तेवढा योग्य प्रतीचा गहू त्या भावाने घेण्याची तयारी सरकार दाखवते. बाजारातील भाव हमीभावापेक्षा कमी असेल, तर शेतकरी सरकारकडे वळतो आणि गोदामे भरतात. बाजारभाव वर गेला, की तो व्यापाऱ्याला विकतो आणि गोदामे रिकामी राहतात. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या पिकासाठी हमीभाव क्विंटलला २,०१५ रुपये होता. २०२५ च्या खरेदी हंगामात तो २,४२५ रुपये झाला आणि २०२६ मधील खरेदीसाठी २,५८५ रुपये जाहीर झाला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशाने क्विंटलमागे १७५ रुपये आणि राजस्थानने १५० रुपये बोनस दिला. त्या वर्षी सरकारी खरेदी वाढण्यामागे या बोनसचाही हातभार होता.

जहाजातून आलेल्या गव्हाचे दिवस

आजच्या निर्बंधांमागे जुन्या टंचाईची आठवण आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या 'पीएल-४८०' योजनेखाली भारताने गहू आयात करण्याचा करार केला. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. १९६५-६६ मध्ये देशात गहू पिकला तो अवघा १०४ लाख टन. १९६६ मध्ये जवळपास तेवढेच, म्हणजे १ कोटी टनांहून अधिक धान्य परदेशातून आणावे लागले. जहाज बंदराला लागले, की धान्य थेट शिधावाटप दुकानांकडे रवाना होई. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला त्या काळातील लाल मिलो अजूनही आठवते.

याच दशकात व्यवस्थेचा पाया घातला गेला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग या दोन्ही संस्था कामास लागल्या. १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन बुटक्या वाणांचे बियाणे आणण्यात आले. केंद्रीय कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम, शास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामीनाथन आणि मूळ वाणांचे जनक डॉ. नॉर्मन बोरलॉग यांची नावे या बदलाशी जोडली गेली. नाशिककरांसाठी आणखी एक नाव महत्त्वाचे आहे. सिन्नर तालुक्यात जन्मलेले अण्णासाहेब शिंदे हे त्या काळात केंद्रात अन्न व कृषी खात्याचे उपमंत्री आणि नंतर राज्यमंत्री होते.

१९६७-६८ मध्ये गव्हाचे उत्पादन १६५ लाख टनांवर गेले. १९६८ मध्ये 'गहू क्रांती'चे टपाल तिकीट निघाले. बुटक्या वाणांना खत आणि पाणी अधिक दिले, तरी ती लोळत नसत. मूळ मेक्सिकन गव्हाचा दाणा लालसर असल्याने तो भारतीय ग्राहकाला रुचला नाही. त्यामुळे सोनेरी दाण्याची 'कल्याणसोना' आणि 'सोनालिका' ही वाणे निवडून काढण्यात आली. पोळीच्या रंगाचा आग्रह धरणाऱ्या गृहिणीने शास्त्रज्ञांनाही दिशा दिली, असे म्हणता येईल.

भरलेली गोदामे, रिकामी गोदामे

टंचाई संपली, हेलकावे मात्र सुरू राहिले. १ जुलै २००२ रोजी सरकारकडे गव्हाचा साठा ४१० लाख टनांच्या आसपास होता. तांदूळ धरून एकूण साठा ६०० लाख टनांच्या पुढे गेला होता. एवढे धान्य ठेवायचे कोठे, हा प्रश्न होता. गरिबांना दिल्या जाणाऱ्या दराच्या जवळपासच्या दराने ते निर्यातदारांना देण्यात आले.

त्यानंतर चार वर्षांतच चित्र उलटे झाले. १ एप्रिल २००६ रोजी गव्हाचा साठा २० लाख टनांवर आला. नियमाप्रमाणे तो ४० लाख टन असायला हवा होता. त्या हंगामात बाजारभाव चढे राहिल्याने सरकारला केवळ ९२ लाख टन गहू मिळाला. तेव्हा अन्न व कृषी खाते शरद पवार यांच्याकडे होते. २००६-०७ मध्ये सुमारे ५५ लाख टन आणि पुढील वर्षी सुमारे १८ लाख टन गहू आयात करावा लागला. फेब्रुवारी २००७ मध्ये निर्यातीवर बंदी आली आणि ती सप्टेंबर २०११ पर्यंत टिकली. याच काळात हमीभावात मोठी वाढ झाली. २००८ च्या खरेदी हंगामात तो १,००० रुपयांवर गेला.

वाढलेल्या भावाने गोदामे पुन्हा भरली. २०१२ मध्ये विक्रमी ३८० लाख टनांहून अधिक खरेदी झाली. जागेअभावी ताडपत्रीखाली उघड्यावर ठेवलेल्या पोत्यांची छायाचित्रे त्या वर्षी देशभर गाजली. २०१६-१७ मध्ये पुन्हा आयात ५० लाख टनांच्या वर गेली, तर २०२१ मध्ये ४३३ लाख टनांची सरकारी खरेदी होऊन नवा विक्रम झाला. १ जुलै २०२१ रोजी गव्हाचा साठा ६०० लाख टनांच्या वर होता.

या आकड्यांमधून एक बाब स्पष्ट होते. गोदाम भरलेले असते, तेव्हा गहू कायमच भरपूर राहील असे गृहीत धरले जाते आणि तो बाहेर काढण्याची घाई होते. साठा आटला, की बंदी, आयात आणि हमीभावात वाढ असे उपाय एकाच वेळी योजले जातात. दोन्ही वेळी निर्णयाला झालेल्या उशिराची किंमत शेतकरी आणि ग्राहक यांनाच मोजावी लागते.

एका मार्च महिन्याने फिरवलेले गणित

२०२२ चे वर्ष हे याचे ठळक उदाहरण होय. कोरोनाच्या साथीमुळे एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेखाली प्रत्येक लाभार्थ्याला दरमहा ५ किलो धान्य अधिकचे आणि मोफत देण्यात येत होते. ही योजना डिसेंबर २०२२ पर्यंत एकूण २८ महिने चालली. त्यामुळे साठ्यातून गहू वेगाने बाहेर पडत होता. परंतु साठा मोठा असल्याने चिंता नव्हती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. जगाच्या गहू निर्यातीत या दोन देशांचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक होता. जागतिक भाव भडकले आणि भारतीय गव्हाला परदेशातून मागणी आली. २०२१-२२ या आर्थिक वर्षात ७० लाख टनांहून अधिक गहू निर्यात झाला. पुढील वर्षी १०० लाख टन निर्यातीची भाषा सुरू झाली.

नेमक्या याच वेळी उत्तर भारतात उष्णतेची लाट आली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च म्हणून २०२२ च्या मार्चची नोंद झाली. दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापल्याने तो सुरकुतला आणि हलका राहिला. फेब्रुवारीत १,११३ लाख टन असलेला उत्पादनाचा सरकारी अंदाज मे महिन्यात १,०६४ लाख टनांवर आला. पंजाब आणि हरियाणात सुरकुतलेल्या दाण्यांचे प्रमाण ६ टक्क्यांऐवजी १८ टक्क्यांपर्यंत चालेल, अशी सवलत खरेदीसाठी द्यावी लागली.

बाजारभाव हमीभावाच्या वर गेला आणि शेतकरी व्यापाऱ्याकडे वळला. आदल्या वर्षी ४३३ लाख टन असलेली सरकारी खरेदी १८८ लाख टनांवर घसरली. १३ मे २०२२ रोजी केंद्राने निर्यातबंदी जाहीर केली. त्याच महिन्यात गरीब कल्याण योजनेतील ५५ लाख टन गव्हाच्या जागी तांदूळ देण्याचा निर्णय झाला. काही राज्यांचा या योजनेतील गहू पूर्ण थांबला, तर महाराष्ट्रासह काही राज्यांचा वाटा घटविण्यात आला.

रास्त भाव दुकानासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा बदल केवळ धान्याच्या नावाचा नव्हता. तांदूळ शिजवून एका जेवणात संपतो. पोळी डब्यात नेता येते. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याच्या जेवणात पोळीचे स्थान भात घेऊ शकत नाही. परिणामी उणा पडलेला गहू बाजारभावाने विकत घेणे आले, आणि बाजारभाव तर चढाच होता.

सरकारच्या हातातील उपाय

साठा कमी आणि भाव चढे, अशा स्थितीत सरकारकडे मोजकेच उपाय असतात. पहिला, निर्यात रोखणे. तो मे २०२२ मध्येच योजण्यात आला आणि ऑगस्टमध्ये पीठ, मैदा व रव्याच्या निर्यातीलाही मनाई करण्यात आली.

दुसरा उपाय गोदामातील गहू बाजारात आणण्याचा. याला खुल्या बाजारातील विक्री योजना म्हणतात. पीठगिरण्या आणि मोठे खरेदीदार लिलावात बोली लावतात. जानेवारी २०२३ मध्ये घाऊक भाव क्विंटलला ३,००० रुपयांच्या आसपास पोहोचल्यावर केंद्राने ३० लाख टन गहू विकण्याचे जाहीर केले. २०२३-२४ मध्ये या मार्गाने ९० लाख टनांहून अधिक गहू विकण्यात आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'भारत आटा' या नावाने २७ रुपये ५० पैसे किलो दराने पीठही बाजारात आणले गेले.

तिसरा उपाय साठवणूक मर्यादेचा. जून २०२३ मध्ये तब्बल १५ वर्षांनी व्यापारी, किरकोळ विक्रेते आणि गिरण्यांना गव्हाचा साठा मर्यादित ठेवण्याचा आदेश देण्यात आला. घाऊक व्यापाऱ्यांची मर्यादा प्रथम ३,००० टन होती; डिसेंबर २०२३ पर्यंत ती १,००० टनांवर आणण्यात आली.

चौथा उपाय आयातीचा. एप्रिल २०१९ मध्ये गव्हावरील आयात शुल्क ४० टक्के करण्यात आले होते. पीठगिरण्यांनी मागणी करूनही २०२३-२४ मधील ओढाताणीच्या काळात ते कमी करण्यात आले नाही. परदेशी गहू स्वस्तात आला, तर देशातील शेतकऱ्याचा भाव पडेल, ही त्यामागची भीती होय.

या उपायांनी भाव आवरले, पण गोदामे रिकामी होत गेली. १ एप्रिल २०२४ रोजी गव्हाचा सरकारी साठा सुमारे ७५ लाख टन उरला. हा २००८ नंतरचा नीचांक होता आणि त्या तारखेला आवश्यक असलेल्या ७४.६ लाख टनांच्या पातळीला तो जेमतेम टेकलेला होता. २०२४ मध्ये २६६ लाख टन आणि २०२५ मध्ये सुमारे ३०० लाख टन खरेदी झाल्यावर स्थिती सावरली. १ जुलै २०२५ रोजी साठा सुमारे ३५९ लाख टन होता. त्या तारखेसाठी निश्चित केलेली पातळी २७५.८ लाख टन आहे.

विक्रमाविषयीची शंका

येथे आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. पीक खरोखरच सांगितले गेले तेवढे होते का? २०२३ मध्ये सरकारने सुमारे ११ कोटी टनांचा अंदाज वर्तविला, तेव्हा पीठगिरण्यांच्या देशव्यापी संघटनेने प्रत्यक्ष उत्पादन त्याहून किमान १० टक्के कमी असल्याचे म्हटले होते. १० टक्के म्हणजे सुमारे १ कोटी टन. हा फरक १ एप्रिल २०२४ च्या संपूर्ण सरकारी साठ्याहून मोठा आहे.

सरकारी अंदाज पेरणीखालील क्षेत्र आणि निवडक शेतांवरील पीक कापणी प्रयोगांवरून काढला जातो. व्यापारी मंडयांतील आवक आणि भाव पाहून अंदाज बांधतात. दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेत आणि व्यापाऱ्यांच्या अंदाजात त्यांचे हितसंबंधही मिसळलेले असतात. शिवाय शेतकरी घरी खाण्यासाठी व बियाण्यासाठी ठेवतो तो गहू बाजारात दिसतच नाही. त्यामुळे उत्पादनाचा एकच आकडा पाहून स्वस्ताईची अपेक्षा बाळगणे फसवे ठरते. विक्रमी पीक आणि चढे भाव एकाच वेळी दिसू लागले, की साठ्याचा आकडा पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

निफाडचा पारा आणि गव्हाचा दाणा

राज्याच्या वार्षिक पुरवठ्यात महाराष्ट्राच्या स्वतःच्या गव्हाचा वाटा मर्यादित आहे. येथे साधारण दहा-बारा लाख हेक्टरवर गहू घेतला जातो, मात्र हेक्टरी उत्पादन दोन टनांच्या आतबाहेर राहते. देशाची सरासरी साडेतीन टनांच्या आसपास आणि पंजाबची साधारण पाच टन आहे. हा फरक केवळ शेतकऱ्याच्या कौशल्याचा नाही; तो हिवाळ्याच्या लांबीचा आहे. उत्तरेत थंडी दीर्घकाळ टिकते. महाराष्ट्रात नोव्हेंबरात पेरलेला गहू फेब्रुवारी संपेपर्यंत उन्हाच्या तडाख्यात सापडतो.

हिवाळ्यात 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी नाशिककर दरवर्षी वाचतात. ही नोंद होते ती निफाडजवळील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने उष्ण हवामानाला आणि कमी पाण्याला तोंड देणारी वाणे विकसित केली आहेत. त्यांची नावे नाशिकच्या ओळखीची आहेत : त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. 'नेत्रावती' हे वाण मर्यादित सिंचनासाठी आणि 'फुले समाधान' हे वेळेवर तसेच उशिरा पेरणीसाठीही शिफारस केलेले आहे.

गव्हाच्या दृष्टीने तापमानाचे महत्त्व कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी मुकुटमुळे फुटतात. पुढे कांडी धरते, ओंबी बाहेर पडते, फुलोरा येतो आणि दाण्यात चीक भरतो. थंडी जितकी लांबेल, तितका दाणा भरण्यास अवधी मिळतो. ऊन अकाली वाढले, की झाड आपले आयुष्य लवकर आटोपते. दाण्यांची संख्या तीच राहते, पण प्रत्येक दाणा हलका होतो. २०२२ मध्ये पंजाबात जे घडले, ते महाराष्ट्रातील शेतकरी थोड्याफार प्रमाणात दरवर्षी अनुभवतो. त्यामुळे कुंदेवाडीसारख्या केंद्रांतील उष्णता सोसणाऱ्या वाणांच्या कामाचे मोल आता उत्तर भारतालाही कळू लागले आहे. केंद्र सरकारने २०२३-२४ च्या हंगामात ६० टक्के क्षेत्र हवामान-सहनशील वाणांखाली आणण्याचे लक्ष्य ठेवले होते, ते याच जाणिवेतून.

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे मात्र दुसरा हिशेबही असतो. त्याच पाण्यावर आणि त्याच जमिनीत कांदा, द्राक्षे किंवा भाजीपाला घेता येतो. कांद्याचा भाव बेभरवशाचा असला, तरी चांगल्या वर्षी तो गव्हाच्या कितीतरी पट पैसे देतो. शिवाय राज्यात गव्हाची सरकारी खरेदी जवळजवळ होतच नाही. पंजाबातील शेतकऱ्याला हमीभाव म्हणजे प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम असते. निफाड वा दिंडोरीच्या शेतकऱ्यासाठी तो वर्तमानपत्रात वाचण्याचा आकडा राहतो. त्यामुळे सोयाबीन किंवा मका निघाल्यावर पाणी उपलब्ध असेल, तर घरच्यापुरता आणि थोडा विक्रीसाठी गहू, असेच त्याचे स्थान राहिले आहे.

भाकरीकडून पोळीकडे

मागणीची बाजूही बदलली आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी हे महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाचे रोजचे अन्न; पोळी सणावाराला होत असे. शिधावाटपातून गहू नियमित मिळू लागला आणि हे चित्र पालटले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गव्हाचा दर किलोला २ रुपये ठरविला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ही तरतूद वाढविण्यात आली आहे. बाजारात ज्वारी गव्हाहून महाग असताना मोफत गहू सोडून भाकरी करणे कष्टकरी कुटुंबाला परवडत नाही. गावाकडून अंबडला आलेल्या कुटुंबाच्या चुलीवर भाकरी मागे पडली, त्यामागे आवडीनिवडीइतकेच हे अर्थकारण आहे.

देशभरात ८० कोटींच्या आसपास लोक या व्यवस्थेवर अवलंबून आहेत. त्यांच्यासाठी आणि इतर कल्याणकारी योजनांसाठी वर्षाला सुमारे १८४ लाख टन गहू लागतो. सरकारी खरेदी याच्या आसपास घसरली, तर बाजार आवरण्यासाठी सरकारच्या हाती काहीच उरत नाही. २०२२ ची १८८ लाख टनांची खरेदी धोक्याची ठरली, ती या कारणाने. खरेदी ३०० लाख टनांवर गेली, की वरचे १०० लाख टन ही बाजाराला दिलेली अप्रत्यक्ष हमी असते. साठेबाजी करावी की नाही, याचा विचार व्यापारी हा आकडा पाहूनच करतो.

ग्राहकाने काय पाहावे

गव्हाच्या भावाचा अंदाज बांधू इच्छिणाऱ्या ग्राहकाने वर्षातील काही टप्प्यांवर लक्ष ठेवणे उपयुक्त ठरते. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी किती झाली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर व मध्य भारतात तापमान किती राहिले, यावरून पिकाची कल्पना येते. १ एप्रिलचा साठा ७४.६ लाख टनांच्या किती वर आहे, हे पाहिले की सरकारच्या हाती किती मोकळीक आहे ते कळते. एप्रिल-मे महिन्यांत मंडयांतील भाव हमीभावाच्या वर की खाली, यावर सरकारी खरेदी ठरते. १ जुलैचा साठा २७५.८ लाख टनांच्या बराच वर असेल, तर दिवाळीपर्यंत फारसा ताण येण्याचे कारण नसते. तो काठावर असेल, तर साठवणूक मर्यादा आणि लिलावांच्या बातम्या येणार, हे गृहीत धरावे.

शेतकऱ्याला चढा भाव हवा असतो आणि ग्राहकाला उतरता, हा पेच जुना आहे. निर्यातबंदी आणि साठवणूक मर्यादा यांनी शहरातील पीठ आवाक्यात राहते, पण त्याची किंमत गहू पिकविणारा मोजतो. २०२२ मध्ये जागतिक भाव चढलेले असताना त्याच्यापुढील निर्यातीचे दार बंद झाले. उलटपक्षी, साठा आटू दिला, तर शिधापत्रिकेवरील गहू आधी कमी होतो आणि त्याचा भार सर्वांत कमी उत्पन्न असलेल्या घरावर पडतो. भरलेल्या वर्षी गहू घाईने बाहेर न काढणे, खरेदी तीन राज्यांपुरती न ठेवता इतर राज्यांतही वाढविणे आणि उष्णता सोसणारे बियाणे शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणे, हे तीन मार्ग या पेचाची धार कमी करू शकतात. पुढच्या एखाद्या तप्त मार्चनंतर अंबडच्या रास्त भाव दुकानात गहू मिळेल की त्याऐवजी तांदूळ, हे विक्रमी पिकाच्या घोषणेपेक्षा या तयारीवर अधिक अवलंबून राहील.